विहिरीतलं नायट्रेट, हतनूरचं केंदाळ आणि सुरतेतली आपली माणसं

तापीकाठ (रावेर तालुका)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. केळीच्या कांदेबागाची कापणी परवा आटोपली, म्हणून आता निवांत लिहितो.

गेल्या वर्षी श्रावणात लेक पहिल्या बाळंतपणाला सुरतेहून घरी आली. नातू झाला. दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी जोडीला पावडरचं दूध सांगितलं आणि विचारलं, "पाणी कुठलं वापरणार?" मी म्हटलं, घरच्या विहिरीचं, चांगलं उकळून. ते म्हणाले, "उकळून जंतू मरतील, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. आधी तपासून आणा."

मला राग आला होता. ही विहीर माझ्या आजोबांच्या हातची. अख्ख्या गल्लीनं दुष्काळात तिचं पाणी प्यालंय. नितळ, गोड पाणी, तळाची घागर दिसते. तरी लेकराचा प्रश्न म्हणून बाटली भरून जिल्ह्याला दिली. चार दिवसांनी कागद आला. नायट्रेट १०८ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ४५ आहे आणि त्यात सूट नाही.

तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळी पडतात. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना याचा धोका सगळ्यात जास्त. नातवाला त्या पाण्याचा एक थेंबही गेला नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या गल्लीत किती बाळं त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढली, त्यांना काय झालं असेल, कुणी विचारलंच नाही.

मग मी वही काढली. चार एकर केळी, पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण १७४० खोडं. शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्राची (नायट्रोजनची). एकरी ३४८ किलो नत्र, युरियाच्या भाषेत ४५ किलोच्या सतरा गोण्या. मी टाकत होतो बावीस. शिवाय डीएपी खताच्या चार, त्यातलंही नत्र कधी हिशेबात धरलं नाही. शेणखताचं तर नाहीच. बेरीज केली तर एकरी सुमारे १४० किलो नत्र जास्तीचं.

आता हा हिशेब बघा, मी तीनदा करून पाहिला. एक किलो नत्राचं नायट्रेट होतं जवळपास साडेचार किलो. तेवढं नायट्रेट एक लाख लिटर स्वच्छ पाण्याला ४५च्या मर्यादेला नेऊन टेकवतं. युरियाच्या एका गोणीत २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे एक गोणी पूर्णपणे पाण्यात उतरली तर वीस लाख लिटर पाणी. सगळी उतरत नाही हे मला कळतं. काही झाड घेतं, काही अमोनिया होऊन उडतं, काही मातीत राहतं. पण पाच गोण्या जास्तीच्या, चार एकर, वीस वर्षं. कुठं गेलं ते सगळं?

आमचा भाग सातपुड्याच्या पायथ्याचा, गोट्या-वाळूचा, पाणी झिरपायला एक नंबर. त्यासाठीच तर तापी महापुनर्भरणाची योजना इथं आखलीय. जिथून पाणी मुरतं तिथूनच खतही मुरतं.

आणि दुसरं. ऐन उन्हाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्याकडे गेलो होतो, चांगदेवच्या अलीकडे, जिथं पूर्णा तापीला मिळते. लांबच लांब केंदाळ (जलपर्णी), जांभळी फुलं. पूर्वी तिथं हिवाळ्यात बदकांचे थवे मोकळ्या पाण्यावर उतरलेले मी लहानपणी पाहिलेत. केंदाळ नसेल तिथं पाणी हिरवं. तेच पाणी पुढे भुसावळला, सुलवाड्याला, सारंगखेड्याला, प्रकाशाला, उकाईत आणि शेवटी सुरतेत जातं. माझी लेक ते पिते.

दोष द्यायला बसलेलो नाही. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे, कुणी पाणी तपासलंय का, खत कमी करून कुणी पीक घेतलंय का, एवढं कळावं म्हणून धागा काढला.

---

केळीपट्टा

भाऊ, तुमच्या नातवाचं वाचून वाईट वाटलं, तो सुखरूप आहे हे बरं. पण एक बोलतो, राग मानू नका. नदीत शहरांची गटारं उघड्यावर येतात, नगरपालिकांचं मैलापाणी येतं, वरून बऱ्हाणपूरचं येतं, अकोला-बुलढाण्याकडचं पूर्णेतून येतं. त्यावर कुणी धागा काढत नाही. शेतकरी मात्र लगेच सापडतो. भाव पडतो तेव्हा कुणी विचारत नाही, सीएमव्ही रोगानं बाग उपटावी लागते तेव्हा कुणी विचारत नाही. दोन गोण्या जास्त टाकतो कारण घड हलका भरला तर व्यापारी कटती लावतो. सतरा गोण्यांवर घड भरेल याची हमी कोण देणार?

---

पांझरेचा मास्तर (धुळे)

दोघांचंही बरोबर आहे आणि दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) यांच्या वाटा वेगळ्या. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं, मातीच्या कणाला चिकटत नाही, त्यामुळे ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरतं. विहिरीत, बोरमध्ये सापडतं ते हेच. स्फुरद मातीला चिकटून बसतं. ते खाली फारसं जात नाही. पावसात माती वाहिली की मातीसकट नाल्यात, नाल्यातून धरणात. हतनूरला पूर्णेचा गाळ किती येतो हे सगळ्यांना माहीत आहे, तो नुसता गाळ नसतो. आणि स्फुरदाचा दुसरा मोठा वाटेकरी म्हणजे शहराचं मैलापाणी, ज्याबद्दल केळीपट्टा बोलले. गोड्या पाण्यातलं शेवाळ बहुतेक वेळा स्फुरदाअभावी थांबलेलं असतं. कॅनडातल्या ओंटारिओत १९७३ साली एका तळ्याचे पडद्यानं दोन भाग केले. एका भागात कर्ब (कार्बन) आणि नत्र टाकलं, दुसऱ्यात त्यासोबत स्फुरदही. स्फुरदवाला भाग हिरवागार झाला, दुसरा नितळ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवायचो.

समुद्राकडे गेलं की बहुधा उलटं होतं, तिथं नत्र जास्त महत्त्वाचं ठरतं. म्हणजे आपल्या विहिरीतून झिरपत नदीला मिळालेलं नत्र वाटेतल्या धरणात कमी उपद्रव करेल आणि खाडीत जास्त.

विहिरीबद्दल एक सावधगिरी. नायट्रेट खताचंच असेल असं नाही. विहिरीजवळ शोषखड्डा असेल, उकिरडा असेल, गोठा असेल, तरी वाढतं. गावात आता घरोघरी संडास झाले ही चांगली गोष्ट, पण त्यांचे खड्डे विहिरीपासून किती लांब आहेत ते बघा. गावातली विहीर आणि शेतातली विहीर अशा दोन्ही तपासा. गावातलीच वाईट असेल तर खड्ड्यांकडे बघा, शेतातलीही वाईट असेल तर खताकडे.

आणि हा एकट्या रावेरचा प्रश्न नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात नायट्रेट मर्यादेबाहेर असलेले जिल्हे २०१७ साली ३५९ होते, २०२३ साली ४४०. महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मर्यादेबाहेर.

---

तापीकाठ

मास्तर, मोठे आभार. आमची विहीर गावातली आहे, आणि पंचवीस फुटांवर शेजाऱ्यांचा खड्डा आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेतातल्या बोरचंही पाणी मग दिलं होतं, ते ८२ आलं. म्हणजे दोन्ही.

केळीपट्टा, हमीचं पुढे लिहितो. तुमचा मुद्दा मला टोचला, कारण तो खरा आहे.

---

भोईवाडा (हतनूर फुगवटा)

आम्ही पाण्यावर जगणारी माणसं, आमचं पण ऐका.

मासा कधी मरतो माहितीये? दुपारी नाही. पहाटे. दिवसा हिरवं पाणी भरपूर हवा सोडतं, मासा खूश असतो. रात्री तेच शेवाळ हवा ओढून घेतं. पहाटे चार-पाचला मासे वर येतात आणि आ वासतात. रोहू, कटला आधी. मरळ टिकते, ती वरची हवा घेते. ढगाळ दिवस लागोपाठ आले आणि वारा पडला की आम्हाला कळतं, उद्या सकाळी पांढरी पोटं दिसणार. माझ्या वडिलांनी असं आयुष्यात दोनदा पाहिलं. मी मोजायचं सोडून दिलंय.

केंदाळाचं वेगळंच. जाळं टाकायला जागा नाही. होडी ढकलायला दोन माणसं जास्त लागतात. आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होतं ते. पूर आला, दरवाजे उघडले की खाली वाहून जातं, आपल्याला वाटतं सुटलो. मग खालच्या गावाला त्रास. राहिलेलं कुजून तळाला बसतं, पुढच्या वर्षी तेच खत होऊन परत वर येतं. काढून काठावर नाही टाकलं तर काही उपयोग नाही, आणि काठाला ढीग लावला तर पावसात पुन्हा आत. लांब न्यावं लागतं. माणूस लागतो, ट्रॅक्टर लागतो. ते कोण देणार?

बदकांचं तुम्ही लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आम्हाला वाटायचं आम्हीच ते बघतो.

---

प्रकाशेकर

तुम्ही खरं लिखं भाऊ. आम्हनाकडे बी हाईच गत शे.

बॅरेज झाले, बारमाही पाणी झालं, त्याचं सुख आहेच. पण उभं पाणी आणि वाहतं पाणी यात फरक पडतो. कानबाई देवीचं विसर्जन करायला गेलो तर बाया पाण्यात पाय घालायला धजत नव्हत्या, पायाला हिरवा चिकट थर. इथं लांबलांबून लोक दशक्रियेला, स्नानाला येतात. दक्षिण काशी म्हणतात प्रकाशाला. तांब्या भरून घरी नेतात, देवापुढे ठेवतात. मी कुणाला थांबवू शकत नाही, पण लहान लेकरांच्या तोंडात तीर्थ म्हणून घालू नका एवढं सांगतो. नील-हरित शेवाळातल्या काही जाती विष सोडतात, आणि ते उकळूनही जात नाही.

---

उधनावाला (सुरत, मूळ पारोळा)

तापीकाठ यांच्या लेकीसारखी इथं लाखो खान्देशी माणसं आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, कुठंही जा, अहिराणी ऐकू येते. आमच्या गल्लीत कानबाई बसते, रोट होतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस, त्या दिवशी सुरतकर तिला साडी-चुंदडी चढवतात. गावाकडे मी हे कधी पाहिलं नव्हतं, इथं येऊन शिकलो की नदीचा वाढदिवस असतो.

सिंगणपूरला कॉजवे आहे, १९९५चा. समुद्राचं भरतीचं खारं पाणी वर येऊ नये आणि वरचं गोडं पाणी साठावं म्हणून बांधलाय. शहराला पाणी याच साठ्याच्या आसपासून उचललं जातं. म्हणजे नदीचा समुद्राआधीचा शेवटचा थांबा. उगमापासून, मुलताईहून सातशे किलोमीटर वाहत येताना जे जे मिळालं ते सगळं घेऊन नदी इथं उभी राहते. उन्हाळ्यात पाणी हिरवट होतं, जलकुंभी पसरते, मशिनं लावून काढतात. नळाच्या पाण्याला वास आला की बायको म्हणते, तुमच्या गावाकडचंच पाणी आहे ना हे. ती सहज म्हणते. मला दिवसभर तेच डोक्यात राहतं.

कॉजवेच्या पुढे खंबातच्या आखाताचं पाणी गढूळ, भरती-ओहोटी प्रचंड. तिथं उन्हाचा शिरकाव कमी म्हणून शेवाळ आमच्या इथल्यासारखं दिसत नाही, असं मला समजलंय. मास्तरांनी यावर लिहावं.

---

पांझरेचा मास्तर

बरोबर समजलंय. गढूळ पाण्यात खत असूनही उजेड नसतो. पण गाळ खाली बसला की पुढे स्वच्छ पाण्यात त्याचा हिशेब होतोच.

तुमच्या कॉजवेसाठी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत एरी सरोवराच्या काठी टोलेडो नावाचं शहर. ऑगस्ट २०१४मध्ये सरोवरात नील-हरित शेवाळ इतकं माजलं की त्याचं विष जलशुद्धीकरण केंद्रातून पार होऊन नळात आलं. चार लाखांहून जास्त लोकांना दोन-तीन दिवस सांगावं लागलं, नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. तिथल्या शेवाळाचं मुख्य कारण होतं नदीतून येणारं शेतीचं स्फुरद. म्हणजे वरचा मका आणि सोयाबीन, खालचं शहर.

आणि उलटही घडलंय. फ्लोरिडात टॅम्पा खाडी १९७०च्या दशकात मैलापाण्यानं काळी-हिरवी झाली होती, तळाचं समुद्रगवत संपत चाललं होतं. शहरानं मैलापाण्यातलं नत्र काढायला सुरुवात केली, १९८० नंतर पाणी हळूहळू नितळलं. २०१५च्या सुमारास समुद्रगवत १९५०च्या पातळीला परत आलं. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं. पुढे काही वर्षांत ते पुन्हा घटलं, पण परत येऊ शकतं एवढं तरी कळलं. केळीपट्टा, तिथं पहिलं काम शहरानं केलं, शेतकऱ्यानं नाही. हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलंय.

---

केळीपट्टा

वाचलं. मग आपल्या शहरांनाही लावा ना ते काम. मी सोबत येतो निवेदन द्यायला.

---

माहेरवाशीण

एक विचारायचं होतं. आमच्याकडे गावात जारचं पाणी येतं, वीस रुपयाला. त्यात नायट्रेट नसतं ना? आणि तुरटी फिरवली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं तर?

---

पांझरेचा मास्तर

तुरटी गढूळपणा घालवते, टीसीएल जंतू मारतं. नायट्रेटला दोघांचाही काही उपाय नाही. साधा कँडल फिल्टर, कापड, उकळणं, काहीच नाही. आरओनं बरंच कमी होतं, पण यंत्राचा पडदा जुना झाला असेल तर नाही, म्हणून आरओचं पाणीही एकदा तपासावं. जारवाला ते नुसतं थंड करून विकतो की खरोखर आरओ करतो, ते जाऊन बघा. आणि आरओतून जे पाणी फेकलं जातं त्यात नायट्रेट दाट असतं, ते बागेत घाला, विहिरीजवळ सोडू नका.

आईचं दूध असेल तर काळजी नको. आईनं प्यालेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. धोका पावडर कालवण्याच्या पाण्याचा.

गावात जल जीवन मिशनमध्ये काही बायकांना पाणी तपासणीचं किट दिलंय, प्रशिक्षण दिलंय. त्यात नायट्रेटची तपासणी असते. अंगणवाडीत विचारा, किट कपाटात पडून असेल.

---

तापीकाठ

आता हमीचं.

गेल्या अश्विनात कांदेबाग लावला तेव्हा चार एकरांपैकी एक एकर वेगळा ठेवला. तिथं हिशेबानं सतरा गोण्यांच्या आत राहिलो. डीएपीतलं नत्र वजा केलं. खोडाजवळ मुठीनं टाकणं बंद, सगळं ठिबकमधून, आठवड्याला थोडं थोडं. हवामान खात्याचा पावसाचा अंदाज असला की त्या आठवड्याचा डोस थांबवला.

खरा बदल मात्र खताचा नव्हता, पाण्याचा होता. आमच्याकडे वीज रात्रीची असली की मोटारीला ऑटो स्टार्टर लावून आपण झोपतो. ठिबक रात्रभर चालतं. सकाळी बेडच्या बाहेर ओल दिसते. आदल्या दिवशी सोडलेला युरिया त्या रात्रीच्या पाण्यानं मुळांच्या खाली ढकलला जातो. मग पान पिवळं दिसतं, आपण म्हणतो नत्र कमी पडलं, अजून एक गोणी. वीस वर्षं मी हेच करत आलो. त्या एका एकराला टायमर बसवला, वेळ ठरवून दिली. पहिल्या दोन महिन्यांत बाकीच्या तिघांपेक्षा तो एकर फिका वाटत होता, जीव टांगणीला लागला होता. शेजारी येऊन बघून जायचे आणि काही न बोलता जायचे, ते जास्त लागायचं. निसवणीला (घड बाहेर पडताना) फरक राहिला नाही. कापणीला घडाचं वजन बाकीच्या एकरांसारखंच भरलं, दोन-चार घडांचा इकडे तिकडे. कटती लागली नाही.

एका एकराची, एका वर्षाची गोष्ट आहे ही. सगळ्यांच्या जमिनीत असंच होईल असं मी म्हणत नाही. पुढच्या बागेला चारही एकर तसेच करणार आहे.

विहिरीचं पाणी गेल्या महिन्यात पुन्हा दिलं होतं. १०४. मला जरा जास्त आशा होती.

---

पांझरेचा मास्तर

एवढ्यात उतरणार नाही. वीस वर्षांचं नायट्रेट अजून मातीच्या थरांत वाटेवर आहे. ते खाली येत राहील. पाच-दहा वर्षांचा विचार करा, आणि दरवर्षी एकाच महिन्यात तपासा, नाहीतर पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा आकडा एकमेकांशी ताडून उपयोग नाही.

---

उधनावाला

दहा वर्षांनी आमच्या कॉजवेला ते पोचेल. आम्ही वाट पाहू.

---

केळीपट्टा

तापीकाठ भाऊ, तो टायमर कुठला लावला, किती वेळ ठेवता, बाग किती महिन्यांची असताना किती, हे सगळं सविस्तर लिहा. आणि पाणी तपासायला द्यायचं तर बाटली कुठली, कशी भरायची? माझ्या दोन विहिरी आहेत. एक मळ्यातली, एक घराजवळची. घरात दोन नातवंडं आहेत.

---

तापीकाठ

टायमरचं उद्या वही बघून लिहितो.

बाटलीचं आता सांगतो. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची चालते. मोटार दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपातलं जुनं पाणी जाऊ द्या. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा. काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. झाकणावर विहिरीचं नाव आणि तारीख लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मी सोमवारी जळगावला जातोय. रविवारी संध्याकाळी या घरी, तुमच्याही दोन घेऊन जातो.